शंभर उथळ्यांवरचा तंबू



मागच्या आठवड्यात आपण सर्कशीचा तंबू कसा उभा राहतो ते पाहिले. त्यावर तुमच्यापैकी काहींनी पत्रातून विचारले, "जगातला सगळ्यात जुना फिरता तंबू कोणता?"

आता याचे उत्तर कोण देणार? तंबू म्हणजे कापड, कातडे आणि लाकूड. ही मंडळी कुजून जातात, मागे काही उरत नाही. पण ज्याचे माप न् माप, पडदा न् पडदा कुणीतरी नीट लिहून ठेवला आहे, असा एक फार जुना तंबू मला ठाऊक आहे. तो साधा तंबू नव्हता, ते एक देवालय होते. आणि हे देवालय गावोगाव जात असे. पाय फुटून नव्हे हं! बैलगाड्यांतून आणि माणसांच्या खांद्यांवरून.

या तंबूत सोने होते, चांदी होती, समुद्रातल्या गोगलगायींपासून काढलेले रंग होते. पण मला त्यातली सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू सोन्याची नाही, आणि लोकांच्या डोळ्यांत भरणारीही नाही. ती कोणती, ते शेवटाकडे सांगतो. आधी तंबू तर उभारू या!

गुलामांची छावणी

गोष्ट आहे इस्राएली लोकांची. बायबलमध्ये आणि ज्यू लोकांच्या तोरा या धर्मग्रंथात ती आली आहे. हे लोक इजिप्तमध्ये, म्हणजे जुन्या मिसर देशात, फारो राजाचे गुलाम होते. उन्हातान्हात चिखल तुडवायचा, विटा थापायच्या आणि राजाची नगरे बांधायची. मजुरी नाही, सुट्टी नाही. मोशे नावाच्या पुढाऱ्याने त्यांना तिथून सोडवले आणि ते सीनायच्या रानात आले.

रानात आज मुक्काम इथे, तर उद्या तिथे. मग देवाची जागा करायची कुठे? दगडी देऊळ बांधले तर ते मागे टाकून जावे लागणार. म्हणून त्यांनी घडी घालून सोबत नेता येईल असेच देवालय बांधले. हिब्रू भाषेत त्याला म्हणतात 'मिश्कान', म्हणजे राहण्याची जागा. मराठी बायबलात त्याला निवासमंडप असे छान नाव आहे. 'निर्गम' नावाच्या भागात त्याचे वर्णन दोनदा येते. एकदा 'असे करा' म्हणून, आणि पुन्हा 'असे केले' म्हणून!

आपला हात, तोच त्यांचा हात

या वर्णनात सगळी मापे हातांत दिली आहेत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तुमच्या आजीला विचारा, तीही फुलांचा गजरा असाच हातावर मोजत असेल. मोठ्या माणसाचा एक हात म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर धरू. आता पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर आकृती काढा.

आधी अंगण. लांबी १०० हात, रुंदी ५० हात. म्हणजे सुमारे ४५ मीटर आणि साडेबावीस मीटर. क्रिकेटची खेळपट्टी सुमारे २० मीटर असते. म्हणजे अंगणाची रुंदी एका खेळपट्टीहून थोडी जास्त आणि लांबी दोन खेळपट्ट्यांहून थोडी जास्त. सभोवती ६० खांब आणि त्यांना बांधलेली पांढऱ्या तलम कापडाची कनात. तिची उंची पाच हात, म्हणजे सव्वादोन मीटर. उंचापुरा माणूस टाचा उंचावून उभा राहिला तरी त्याला पलीकडचे दिसायचे नाही! पूर्वेला २० हातांचे दार, त्यावर निळा, जांभळा आणि किरमिजी असा रंगीत पडदा.

दारातून आत आलात की समोर मोठी वेदी. पाच हात लांब, पाच हात रुंद, तीन हात उंच. ती लाकडाची, वरून पितळेसारख्या धातूने मढवलेली. तो तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू असावा, आपण ज्याला कांसे म्हणतो तसा. विशेष म्हणजे वेदी भरीव नव्हती. आतून पोकळ होती, कारण ती उचलून न्यायची होती. वेदीच्या पुढे हातपाय धुण्यासाठी एक मोठे गंगाळ. या गंगाळाची एक गंमत आहे, ती पुढे सांगतो.

आणि मग मुख्य मंडप. लांबी ३० हात, रुंदी १० हात, उंची १० हात. मीटरमध्ये साडेतेरा, साडेचार आणि साडेचार. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. म्हणजे मंडपाची लांबी कबड्डीच्या मैदानाएवढी, रुंदी मात्र त्याच्या निम्म्याहून कमी. तुम्ही म्हणाल, "एवढंच?" हो, एवढंच! आत शेकडो लोकांनी बसायचे नव्हतेच. आत फक्त याजक, म्हणजे पुजारी जात. बाकीचे लोक अंगणापर्यंत.

मंडपाचे दोन भाग. पुढचा २० हातांचा. त्यात एका बाजूला बारा भाकरी मांडायचे मेज, दुसऱ्या बाजूला सात दिव्यांचा सोन्याचा दीपवृक्ष, आणि मध्ये धूप जाळायची छोटी वेदी. मागचा भाग १० हात लांब, १० हात रुंद, १० हात उंच. अगदी ठोकळ्यासारखा. या दोन भागांच्या मध्ये एक भरजरी दिसणारा पडदा. लग्नात नवरानवरीच्या मध्ये धरतात तसा अंतरपाटच म्हणा ना! त्याच्या पलीकडे एकच वस्तू होती. ती म्हणजे कराराचा कोश. अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच अशी लाकडी पेटी. आतून सोने, बाहेरून सोने. झाकणावर समोरासमोर दोन पंखवाल्या आकृत्या, त्यांना करूब म्हणत. पेटीत देवाच्या आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या. पेटीला चार कड्या आणि कड्यांत दोन दांडे. हे दांडे कधीच काढायचे नाहीत असा नियम होता. म्हणजे मुक्कामातही पेटी निघायला तयारच!

शिंप्याचे गणित

आता छप्पर. इथे मला त्या जुन्या कारागिरांना सलाम ठोकावासा वाटतो. तंबूवर चार थर होते, एकावर एक.

पहिला, सगळ्यात आतला थर तलम कापडाचा. हे कापड अळशीच्या झाडाच्या धाग्याचे. तुम्ही जिची चटणी खाता तीच अळशी, तिच्या देठातून हा धागा निघतो. त्यावर रंगीत सुताने विणलेले करूब. अशा दहा पट्ट्या, प्रत्येकी २८ हात लांब आणि चार हात रुंद. पाच पट्ट्या शिवून एक मोठा पडदा, उरलेल्या पाचांचा दुसरा. दोघांच्या काठांना पन्नास पन्नास बिरडी. वालाचं बिरडं नव्हे हं! कापडाचे फासे, ज्यांत आकडा अडकवतात ते. आणि ती जोडायला सोन्याचे पन्नास आकडे.

आता गणित करा. चार हातांच्या दहा पट्ट्या म्हणजे ४० हात. मंडपाची लांबी ३०, मागच्या भिंतीची उंची १०. झाले बरोबर ४०! आणि दोन पडद्यांचा जोड कुठे येईल? पुढून २० हातांवर. म्हणजे थेट अंतरपाटाच्या डोक्यावर! वर्णनात तसे सांगितलेच आहे की पडदा त्या आकड्यांच्या खाली लटकवा. आता दुसरीकडून पाहा. पट्टीची लांबी २८ हात. छताचे १० वजा केले की उरले १८, म्हणजे दोन्ही बाजूंना नऊ नऊ हात. भिंत १० हातांची. म्हणजे हे किमती कापड जमिनीपासून एक हात वरच राहते. धूळ लागायला नको!

दुसरा थर बकऱ्याच्या केसांच्या कापडाचा. त्याच्या पट्ट्या ३० हात लांब. म्हणजे १० छताचे आणि दोन्हीकडे दहा दहा, जमिनीपर्यंत पोहोचणारे. आणि पट्ट्या दहा नव्हेत, अकरा. जास्तीच्या पट्टीतली निम्मी पुढे दुमडायची, निम्मी मागे सोडायची. म्हणजे आतले कापड सगळीकडून झाकले गेले. याचे आकडे सोन्याचे नाहीत, साध्या धातूचे. त्या भागातले बेदुइन लोक पिढ्यान् पिढ्या बकऱ्याच्या केसांचेच तंबू वापरत आले आहेत. उन्हात या कापडातून वारा खेळतो. पाऊस आला की धागे फुगतात, विणीतली भोके बुजतात आणि पाणी आत येत नाही.

तिसरा थर लाल रंगवलेल्या मेंढ्यांच्या कातड्याचा. आणि सगळ्यात वर 'तहश' नावाच्या कातड्याचा. हा तहश कोणता प्राणी, यावर पंडितांचे अजून एकमत नाही. कुणी सील म्हणतो, कुणी डॉल्फिन, कुणी म्हणतो की हा प्राणीच नव्हे, कातडे कमावण्याची ती एक रीत आहे.

म्हणजे बघा, बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसे? कातड्याचा एक लांबट तंबू. जसजसे आत जावे तसतशी वस्तू मोलाची होत जाते. अंगणात साधा धातू, मंडपात सोने. आपण घर सजवतो ते रस्त्यावरून दिसावे म्हणून. इथे सगळेच उलटे!

बाभूळ, अळशी आणि किडे

लाकूड कोणते वापरले? बाभळीचे! सीनायच्या रानात मोठी झाडे फार नाहीत. पण बाभळीच्या जातीची काटेरी झाडे तिथे आजही उभी आहेत. बाभूळ म्हणजे चिवट आणि टणक. आपल्याकडे बैलगाडीची चाके आणि शेतीची अवजारे बाभळीची करत, ते उगीच नाही.

आणि रंग? निळा आणि जांभळा रंग भूमध्य समुद्रातल्या एका जातीच्या गोगलगायींपासून काढत. काम किती चिकट असेल, ऐका. १९०९ साली पॉल फ्रीडलँडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायी गोळा केल्या. त्यांतून रंग मिळाला अवघा १.४ ग्रॅम! म्हणून तर हा रंग सोन्याच्या मोलाने विकला जाई. लाल रंग मात्र झाडावरच्या बारीक किड्यांपासून. हिब्रूत त्या रंगाच्या नावातच 'किडा' हा शब्द आहे. आणि आपला 'किरमिजी' शब्द? तोही फारसी-अरबीतल्या किड्याच्या नावावरूनच आला. फारसी 'किर्म' आणि संस्कृत 'कृमी' हे चक्क भाऊ भाऊ आहेत!

"पुरे! आता आणू नका!"

तुम्ही म्हणाल, "गुलामांकडे एवढं सोनं आलं कुठून?" अगदी बरोबर प्रश्न. ग्रंथात सांगितले आहे की इजिप्त सोडताना त्यांनी तिथल्या लोकांकडून सोन्याचांदीच्या वस्तू मागून घेतल्या. इतक्या वर्षांची बुडालेली मजुरीच ती, असे पुढे काहींनी म्हटले.

पण या सोन्याची आधी एक वाईट गोष्ट झाली. मोशे डोंगरावर गेला असताना लोकांचा धीर सुटला. त्यांनी कानांतली सोन्याची कुंडले काढून दिली आणि सोन्याचे वासरू करून त्याचीच पूजा मांडली. मोशे परत आला, भडकला, वासरू फोडून त्याचा चुरा केला. त्यानंतर तंबूचे काम सुरू झाले. म्हणजे ज्यांनी चूक केली होती, त्याच लोकांना मदतीला बोलावले. सक्ती नाही. ज्याच्या मनात असेल त्याने आणावे.

आणि लोकांनी आणले! कुणी बांगड्या, कुणी अंगठ्या, कुणी सूत, कुणी कातडी, कुणी लाकूड. बायकांनी घरी बसून निळे, जांभळे, लाल सूत कातले. बकऱ्याचे केस कातून दिले. आणि त्या गंगाळाची गंमत सांगतो म्हटले होते ना? ते गंगाळ बायकांनी दिलेल्या आरशांचे केले होते. तेव्हा काचेचे आरसे नव्हते. धातूची तबकडी घासून घासून चकचकीत करत आणि त्यात तोंड पाहत. असे आरसे वितळवून गंगाळ झाले.

मुख्य कारागीर होता बसालेल, त्याचा जोडीदार अहलियाब. सोनारकाम, सुतारकाम, विणकाम, सगळे त्यांना येई, आणि दुसऱ्यांना शिकवण्याची हातोटीही होती. काही दिवसांनी कारागीरच मोशेकडे तक्रार घेऊन आले. "लोक लागतं त्यापेक्षा जास्त आणताहेत!" तेव्हा छावणीत दवंडी पिटावी लागली की पुरे, आता कुणी काही आणू नका! अशी दवंडी तुम्ही कुठे ऐकली आहे का?

आता ती वस्तू

पण एक गोष्ट अशी होती की जी स्वखुशीची नव्हती. ती प्रत्येकाने द्यायचीच होती. आणि सगळ्यांनी अगदी सारखी.

वीस वर्षांच्या वरचा प्रत्येक पुरुष मोजला गेला आणि प्रत्येकाकडून अर्धा शेकेल चांदी घेतली. तेव्हा नाणी नव्हती, चांदी तोलून देत. शेकेल हे वजन होते, सुमारे ११ ग्रॅमचे, म्हणजे जवळपास आपला एक तोळा. तर प्रत्येकी अर्धा तोळा चांदी. नियम असा की श्रीमंताने अर्ध्या शेकेलाहून जास्त द्यायचे नाही आणि गरिबाने कमी द्यायचे नाही. श्रीमंत म्हणाला, "माझे दहा घ्या", तरी नाही!

मोजलेली माणसे किती? ग्रंथात आकडा आहे ६,०३,५५०. एवढे लोक रानात खरोखर होते का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण हिशोब बघा कसा चोख आहे. ६,०३,५५० चे निम्मे ३,०१,७७५ शेकेल. तीन हजार शेकेल म्हणजे एक किक्कार, सुमारे ३४ किलो. म्हणजे झाले १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. वरच्या चांदीचे खांबांचे आकडे आणि पट्टे केले. आणि त्या १०० किक्कारांचे काय केले?

उथळ्या!

जुन्या वाड्यात लाकडी खांबाच्या खाली दगडी बैठक असते ना? तिला उथळी म्हणतात, कुठे तळखडा म्हणतात. या तंबूच्या भिंती ४८ फळ्यांच्या होत्या. प्रत्येक फळी दहा हात उंच, दीड हात रुंद, सोन्याने मढवलेली. फळीच्या खालच्या टोकाला दोन खुंट, आणि प्रत्येक खुंटासाठी खाली चांदीची एक उथळी. ४८ फळ्यांच्या झाल्या ९६. अंतरपाटाच्या चार खांबांच्या चार. एकूण बरोबर १००. शंभर किक्कार, शंभर उथळ्या!

एक उथळी ३४ किलोची, म्हणजे पाचवी-सहावीतल्या मुलाएवढी जड. तिचा भरीव ठोकळा केला तर तो प्रत्येक बाजूने साधारण १५ सेंटिमीटरचा होईल. एवढा जडपणा हवाच होता. रेताड जमिनीत पाया खणता येत नाही, आणि खणला तरी पुढच्या मुक्कामाला तो कसा नेणार? म्हणून पायाच सोबत घेतला. जड उथळ्या मांडायच्या, त्यांत फळ्यांचे खुंट बसवायचे, फळ्यांना कड्या आणि कड्यांतून आडवे दांडे. एकेका बाजूला पाच दांडे, त्यांतला मधला या टोकापासून त्या टोकापर्यंत. की भिंत तयार. वरून पडदे टाकायचे आणि मेखांना तणावे बांधायचे.

आता एक भागाकार. एका उथळीत तीन हजार शेकेल. माणशी अर्धा. म्हणजे एका उथळीत किती माणसांची चांदी? सहा हजारांची!

सहा हजार जणांचे तुकडे वितळून एक उथळी झाली. त्यात सरदाराचा तुकडा कुठला आणि मेंढपाळाचा कुठला, कोण सांगणार? दीपवृक्षाकडे बोट दाखवून कुणी कदाचित म्हणालाही असेल की त्यात माझे कडे आहे. पण उथळीबद्दल असे म्हणायची सोय नव्हती. आणि सोन्याच्या सगळ्या फळ्या उभ्या होत्या त्या उथळ्यांवर. एक उथळी काढली तर फळी कलंडलीच!

तुमच्या गल्लीत, शाळेत वर्गणी जमवता ना? जास्त देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहितात. कमी देणाऱ्याला कधी कधी फळ्यावरचे आपले नाव वाचायची लाज वाटते. तुमच्यापैकी कुणाला ती वाटली असेल, तर या उथळ्या त्याच्यासाठी आहेत. जास्त देणाऱ्यांसाठीही त्या लोकांनी जागा ठेवली होती. सोने आणा, रंग आणा, हवे तेवढे आणा. पण पाया मात्र सगळ्यांचा सारखा. तिथे मोठेपणाला जागाच नाही.

एक उणीव मात्र सांगायलाच हवी. या मोजणीत बायका आणि मुले नव्हती. त्या काळची ती रीत. पण ते सूत आणि ते आरसे ग्रंथात लिहिले गेले आहेत, हेही विसरू नका.

आणि हो, काम संपल्यावर सोने किती, चांदी किती, पितळ किती आणि कशाकशाला लागले, याचा हिशोबही लिहून ठेवला आहे! सोने २९ किक्कार ७३० शेकेल, म्हणजे सुमारे एक टन.

उचला, निघा!

निघायची वेळ आली की काम वाटलेले असे. लेवी वंशातल्या तीन घराण्यांकडे. गेर्षोनी लोकांकडे पडदे आणि कनाती, त्यांना दोन गाड्या, चार बैल. मरारी लोकांकडे फळ्या, दांडे, खांब आणि आपल्या जड उथळ्या, त्यांना चार गाड्या, आठ बैल. कहाथी लोकांकडे कोश, मेज आणि दीपवृक्ष. त्यांना एकही गाडी नाही! या वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या. मरारी लोकांना तर कुणी कोणती वस्तू उचलायची हे नाव घेऊन नेमून दिले जाई. सहलीहून परतताना आपल्या बसमध्ये एकाची बाटली दुसऱ्याकडे जाते, तसे इथे व्हायचे नाही!

हे खरंच होतं का?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच, आणि विचारायलाच हवा. या तंबूचा एकही तुकडा कुणाला सापडलेला नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते हे वर्णन आज आहे त्या रूपात त्या काळानंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले, आणि मूळचा तंबू असलाच तर बराच साधा असावा. फळ्यांबद्दलही वाद आहे. काही म्हणतात की त्या सबंध फळ्या नव्हत्याच, खिडकीसारख्या मोकळ्या चौकटी होत्या. तसे नसते तर पडद्यांवरचे करूब भिंतींवर आतून दिसलेच नसते!

पण अशी सुटी होणारी कामे त्या भागात होत असत, याला पुरावा आहे. १९२५ साली इजिप्तमध्ये गिझा इथे राणी हेतेफेरेस हिच्या थडग्यात सोन्याने मढवलेली एक लाकडी मंडपी सापडली. ती सुटी करून पुन्हा जोडता येत असे. ती आहे साडेचार हजार वर्षांपूर्वीची! १९२२ साली सापडलेल्या तूतनखामेनच्या थडग्यात वाहून न्यायचे दांडे असलेली एक पेटी होती. अबू सिंबेलच्या देवळात रामसेस दुसरा याच्या युद्धछावणीचे चित्र कोरलेले आहे. त्यात छावणीच्या मध्ये राजाचा तंबू आहे. आधी लांबट दालन, मग राजाची चौकोनी खोली, आणि राजाच्या नावाच्या दोन्ही बाजूंना पंख पसरलेले ससाणे. आठवले काही?

इस्राएलच्या दक्षिणेला तिम्ना नावाचे खोरे आहे. तिथे तांब्याच्या फार जुन्या खाणी आहेत. १९६९ साली बेनो रोथेनबर्ग यांना तिथे एक छोटे देवस्थान सापडले. त्यावर कधीकाळी तंबू टाकलेला होता आणि त्याचे लाल-पिवळे कापड कोरड्या हवेमुळे शिल्लक राहिले होते. २०२१ साली त्याच खोऱ्यातल्या कापडांवर संशोधकांना गोगलगायींचा तो जांभळा रंग ओळखता आला. ती कापडे होती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची.

पुण्यातला तंबू

जाता जाता एक सांगतो. पुण्याच्या लष्कर भागात लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे ज्यू लोकांचे प्रार्थनागृह आहे. १८६७ साली पुरे झालेले. लोक त्याला लाल देऊळ म्हणतात. पण त्याचे खरे नाव 'ओहेल डेव्हिड'. ओहेल म्हणजे काय ठाऊक आहे? तंबू! आपल्या कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली लोकांच्या प्रार्थनागृहांतही भिंतीत एक कपाट असते. त्यावर पडदा, आत तोराच्या गुंडाळ्या, आणि जवळ तेवता दिवा. ज्यांच्या पूर्वजांनी फारोसाठी विटा थापल्या, असे ग्रंथ सांगतो, त्यांनी पुण्यात विटांचेच घर बांधले आणि त्याला नाव दिले तंबूचे!

आता तुमचे काम. आलेखाच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक हात धरा. अंगण, मंडप, अंतरपाट, सगळे काढा. मग जुन्या पोस्टकार्डांच्या फळ्या कापा आणि त्या उभ्या राहतील अशा उथळ्या करा. मातीच्या करा, साबणाच्या करा, नाहीतर बटाट्याच्या! फळ्या पडल्या तर चूक फळ्यांची नाही, उथळ्यांची.

आणि हे कोडे: भिंतीची एक फळी दोन उथळ्यांवर उभी. मग एका फळीच्या खाली किती माणसांची चांदी होती? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा. पुढच्या आठवड्यात भेटू!